आई गेली, चर्चमध्ये तिच्याबद्दल वाचायचंय. काय लिहू, किती लिहू?

नगरची_लेक

नमस्कार. माझी आई मागच्या महिन्यात प्रभूकडे गेली. आमचं गाव नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या पट्ट्यात, तालुक्याचं गाव. चर्च जुनं अमेरिकन मिशनचं, आता सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. आई लग्न होऊन या गावात आली आणि इथूनच गेली, मधे नाशिक-पुण्याला लेकरांकडे चार दिवस राहायला यायची तेवढंच, आणि तेही रविवार टाळून, कारण रविवारी स्वतःच्या चर्चमध्ये नसलं की तिला करमायचं नाही.

या रविवारी उपासनेनंतर स्मरणसभा आहे. पास्टर म्हणाले घरातल्या कोणीतरी आईबद्दल दोन पानं वाचा, आणि त्यातलाच एक परिच्छेद 'ज्ञानोदय' या आपल्या ख्रिस्ती नियतकालिकाला पाठवू. भावाने लिहून दिलंय, प्रेमळ पत्नी, आदर्श माता, प्रार्थनाशील, कष्टाळू, मनमिळाऊ. यातलं काहीही खोटं नाही. पण शेजारच्या काकू गेल्या तेव्हाही हेच वाचलं होतं, आणि त्या दोघी एकमेकींसारख्या अजिबात नव्हत्या. मला हे वाचवत नाहीये.

आई कोण होती ते सांगते. ७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती, दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पहिलं बाळ त्याच वर्षी गेलं ते तिने आम्हाला फार उशिरा सांगितलं. वडील ट्रकवर होते, आठ-आठ दिवस बाहेर, आणि घरी आले की प्यायचे. घर चाललं ते आईच्या शिलाई मशीनवर. डिसेंबरमध्ये अख्ख्या वस्तीचे नाताळचे फ्रॉक आमच्या ओट्यावर शिवले जायचे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनचा आवाज, आणि पैसे बॉबिनच्या डब्यात लपवलेले कारण तिथे वडील हात घालत नसत. महिला मंडळाची खजिनदार ती किती वर्षं होती देव जाणे, बायका बदलल्या, पास्टर बदलले, वही आईकडेच.

आणि एक काम होतं ज्याबद्दल कोणी बोलत नाही. मंडळीतली कोणी बाई गेली की तिला आंघोळ घालायला, तयार करायला आईला बोलवायचे. तिची एक पिशवी कायम भरलेली असायची, पांढरं मांजरपाट, कापूस, सेफ्टी पिना, नवा साबण, कोलनची बाटली. रात्री दोनला दार वाजलं तरी ती पिशवी घेऊन निघायची. हनुवटीखालून पट्टी बांधायची, केस विंचरून वेणी घालायची, आणि हे सगळं करताना त्या बाईशी बोलत राहायची, हात वर कर गं माय, झालं बघ आता, असं.

मग तिचं स्वतःचं आजारपण. ईस्टरच्या सुमारास तिला छातीत गाठ लागली होती आणि नाताळ होईपर्यंत तिने कोणालाही सांगितलं नाही. आधी म्हणे कापणीचा सण आहे, मग म्हणे फ्रॉक राहिलेत. कळलं तेव्हा हाडापर्यंत गेलं होतं.

मला विचारायचंय की यातलं चर्चमध्ये वाचण्यासारखं काय आहे? वडील समोर पहिल्या बाकावर बसणार. भाऊ म्हणतो दारूचं नाव काढायचं नाही, कॅन्सरचंही नको, बायकांच्या अवयवाचं नाव वेदीसमोर कसं घ्यायचं. आणि नावाचाही घोळ आहे, आईच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, चर्चच्या रजिस्टरला दुसरं. कोणतं लिहू?

पाळकाघरची_सून

ताई, आधी तुमच्या घरावर देवाचं सांत्वन असो.

माझे सासरे पाळक होते, नवरा पाळक आहे, त्यामुळे मातीच्या आणि स्मरणाच्या इतक्या सभा बघितल्यात की काय वाचलं जातं ते पाठ आहे. बाई गेली की नीतिसूत्रे ३१ उघडायचं, सद्गुणी स्त्री. पण ते वाचताना लोक ऐकत नाहीत असं मला कायम वाटत आलंय, कारण त्या उताऱ्यात विशेषणं अगदी थोडी आहेत, सगळी कामं आहेत. ती लोकर आणि ताग मिळवते, अजून रात्र आहे तोवर उठून घरच्यांच्या जेवणाचं बघते, शेत बघून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कपडे करून विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. आणि शेवटच्या वचनात काय म्हटलंय, तिची कामंच वेशीत तिची स्तुती करोत. तुमच्या आईचा दिवा रात्री दोनपर्यंत जळत होता हे तुम्ही वरती लिहिलंयच की.

पण मी तुम्हाला दुसरा उतारा सुचवते, प्रेषितांची कृत्ये ९, वचन ३६ पासून पुढे. यापो गावची टबीथा, जिला दुर्कस म्हणायचे. समुद्रकाठच्या गावातली एक बाई, शिष्या, दानधर्म करणारी, आजारी पडून मेली. तिला आंघोळ घालून माडीवरच्या खोलीत ठेवलं. लोदहून पेत्राला बोलावून आणलं आणि तो वर गेला तर सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवू लागल्या. विधवांनी भाषण नाही केलं. कपडे दाखवले. अख्ख्या शास्त्रात कोणा बाईच्या मरणावर लोकांनी असा शोक केलेला मला दुसरीकडे नाही दिसत.

तुमची आई शिवायची पण आणि मेलेल्यांना आंघोळ पण घालायची. ती दोन्ही कामं या एकाच उताऱ्यात आहेत ताई. पास्टरना सांगा त्या दिवशी हेच वाचन ठेवा. आणि जिच्याजिच्याकडे तुमच्या आईने शिवलेलं काही असेल तिला ते अंगावर घालून किंवा हातात घेऊन यायला सांगा.

जुना_वाचक_नाशिक

वरच्या ताईंनी शास्त्रातलं सांगितलं, मी मराठीतलं सांगतो. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, हे कुटुंब काही वर्षं राहुरीला होतं, म्हणजे तुमच्याच भागात. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, पुढे काही वर्षांनी नगरला येऊन नवऱ्यासोबत संसार मांडला आणि मग स्वतःच्या मनाने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. शाळेचं रीतसर शिक्षण नाही. नगरला प्लेग आला तेव्हा रोग्यांची सेवा केली. टिळक १९१९ ला गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य साडेदहा अध्यायांवर अडलेलं होतं, या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. स्वतः १९३६ च्या फेब्रुवारीत गेल्या.

हे सांगायचं कारण असं की लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना नवऱ्याचा राग, लहरीपणा, घरात पैसा नसताना दान करून टाकणं, सगळं उघड लिहिलेलं दिसतं, आणि तरी वाचून टिळकांबद्दल मनात तिरस्कार येत नाही, उलट माणूस जवळचा वाटतो. बाईंनी त्यांना झाकलं नाही आणि उघडंही पाडलं नाही, जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. सोवळ्यातून बाहेर यायला स्वतःला किती जड गेलं तेही लपवलं नाही. आपल्या मराठी मंडळीत सुरुवातीलाच बाईने असं लिहून ठेवलंय, आणि आपण शंभर वर्षांनी आपल्या आयांबद्दल पाच विशेषणं वाचून खाली बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. ताई तुम्ही लिहा.

सेक्रेटरी_काका

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका. मी बरीच वर्षं चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आहे. वडील हयात आहेत. स्मरणसभेत ऐकणारी मंडळी घरी जाऊन काय बोलते ते तुम्हाला पुण्यात ऐकू येणार नाही, वडिलांना रोज रस्त्यावर ऐकू येईल. 'स्मृतिचित्रे' टिळक गेल्यावर आलं हेही लक्षात घ्या. माझं म्हणणं एवढंच की जे माणूस समोर बसलंय त्याच्याबद्दल त्याला न विचारता माईकवर बोलू नये. आधी वडिलांना कागद वाचून दाखवा. ते नको म्हणाले तर नको. आईनेही आयुष्यभर त्यांची लाज राखली असेल तर ती तुम्ही मोडू नका.

गाठीचं मात्र जरूर सांगा असं माझं मत आहे. आमच्या मंडळीत मागच्या काही वर्षांत हे पाहिलंय, बाया सांगतच नाहीत.

सिस्टर_मिरजवाली

काकांच्या शेवटच्या ओळीला धरून. मी नर्स आहे, ट्रेनिंग मिरजेला झालं, नंतर सगळी नोकरी वॉर्डात गेली. ताई तुमच्या भावाला माझा निरोप सांगा की वेदीसमोर बाईच्या शरीराचं नाव घ्यायला लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही, ते शरीर देवानेच केलंय.

आणि तुमच्या आईने लपवलं असं म्हणू नका, म्हणजे त्या शब्दात दोष येतो. सुरुवातीला गाठ बहुतेकवेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही असं बाईला वाटतं, आणि समोर काम पडलेलं असतं. शिवाय कोणाला दाखवायचं, तालुक्याला बाई डॉक्टर आहे का, मग तपासणीला नगर, मग पुणे, सोबत कोण येणार, नवरा ट्रकवर, एवढा सगळा हिशेब ती मनात करते आणि गप्प बसते. मी शेकड्यांनी अशा बायका पाहिल्यात, त्यातल्या देवळात जाणाऱ्या, मशिदीवाल्या, चर्चवाल्या सगळ्या सारख्याच.

वाचताना एक वाक्य एवढं घाला की तीस वर्षांवरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हीची सरकारी तपासणी आहे, आपल्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी, कातडीला खळी पडणं, काखेत गोळा, यातलं काहीही दिसलं तर सण होईपर्यंत थांबू नका. महिला मंडळाच्या पुढच्या मीटिंगला नर्सला बोलवा. तुमची आई खजिनदार होती ना, मग मंडळाच्याच पैशातून गाडी करून सगळ्यांना एकत्र न्या, एकटी बाई जात नाही, दहाजणी जातात.

वसईची_माई

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे रीत वेगळी, मिस्सा म्हणजे आमची उपासना होते, फादर प्रवचन देतात, घरच्यांना शेवटी दोन मिनिटं मिळतात. पण बायकांचं सगळीकडे सेमच आहे हो. माझ्या सासूबाई लाल लुगड्यातल्या, वाडीत केळी आणि फुलं, पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायच्या, परत येऊन सगळं घरचं, आणि संध्याकाळी रोझरी चुकली नाही. गेल्या तेव्हा त्यांच्याबद्दल काय बोलले तर 'धर्मनिष्ठ गृहिणी'. दादरच्या फूलबाजाराचं नावच नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं व्यापार केला ती गृहिणी! नणंदेने मग महिन्याच्या मिस्सेनंतर घरी सगळ्यांना बसवून एकेकाला एकच गोष्ट सांगायला लावली, सासूबाईंनी तुझ्यासाठी केलेली. चर्चमध्ये बोलायला जड जातं त्या गोष्टी घरी चहावर निघतात. वडिलांचा विषय असेल तर तो घरीच बोला असं मला वाटतं, काकांचं पटलं.

नगरची लेक, तुमच्या गावाजवळ हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला आमच्या इथून पण लोक जातात. पुढच्या वेळी आले की तुमच्या आईच्या नावाने मेणबत्ती लावीन, तुमच्यात लावत नसले तरी.

दाखलेवाला

नावाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हे तुमच्या एकटीच्या घरात नाहीये, नगर, जालना, औरंगाबाद सगळीकडे दोन-दोन नावं सापडतील. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना दिला गेला, ख्रिस्ती झालेल्यांना अजूनही नाही. त्यामुळे आजोबांनी शाळेत घालताना मुलीचं पूर्वीचंच नाव आणि पूर्वीचीच जात सांगितली, फी माफ व्हावी म्हणून, लेकरू शिकावं म्हणून, आणि रविवारी तीच मुलगी बायबलमधल्या नावाने संडे स्कूलमध्ये बसली. कोणी याला फसवणूक म्हणतं तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना पाणवठ्यावर बरी वागणूक दिली होती का? गरिबी गेली होती का?

माझ्या मते दोन्ही नावं लिहा. आधी बाप्तिस्म्याचं, मग माहेरी ज्या नावाने हाक मारायचे ते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र आधार कार्डवर जे आहे तेच असू द्या नाहीतर पुढे वारसाच्या कामाला, बँकेला, घरपट्टीला हेलपाटे घालत बसाल. दगडावर कोणतं नाव कोरायचं ते घरच्यांनी ठरवायचं, फक्त दगड बसवण्याआधी मंडळीच्या कमिटीकडे अर्ज द्या, जागेचं माप बऱ्याच दफनभूमीत ठरलेलं असतं.

नगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी आले आणि काकांनी सांगितलं तसं केलं, वडिलांना वाचून दाखवलं. दारूचं वाक्य मी गाळूनच वाचलं होतं. ते काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. आज सकाळी चहा पिताना म्हणाले, मशीन मी दोनदा गहाण टाकली होती ते लिहिलं नाहीस. मी म्हटलं लिहू का? म्हणाले, तिने दोन्ही वेळा सोडवून आणली ते लिही. भाऊ तिथेच होता. तो काही बोलला नाही पण नंतर कागद घेऊन त्यानेच ते वाक्य घातलं, 'ज्ञानोदय'च्या परिच्छेदात ते नको असं ठरलंय, ते मलाही मान्य आहे.

पाळकाघरच्या ताई, पास्टरनी कृत्ये ९ ठेवलंय. महिला मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला तर रात्रीपर्यंत फोटो यायला लागले, झबली, फ्रॉक, एकीने तर स्वतःच्या लग्नाचा ब्लाउज काढला. वेदीवरचं पांढरं कापडही आईनेच शिवलेलं निघालं, ते मला माहीत नव्हतं. त्याच्या कोपऱ्यात बारीक निळ्या दोऱ्याने द्राक्षाचा घोस आहे.

आणि एक राहिलं होतं सांगायचं. आई गेली तेव्हा तिला तयार कोणी केलं, तर आमच्या शेजारची सून, तिला आईनेच शिकवलं होतं. शेवटचे दिवस आईला घरीच आणलं होतं, रात्री बायका पाळीपाळीने बसायच्या आणि टिळकांची भजनं म्हणायच्या, चाल चुकली की आई डोळे उघडायची. ज्या पहाटे गेली तेव्हा ही सूनच पाळीला होती. तिने शवपेटी येण्याआधी सगळं केलं, आईची पिशवी उघडून, त्यात घडी घातलेली एक पांढरी साडी होती आणि वर आईच्या अक्षरात चिठ्ठी, "माझ्यासाठी". मी बाजूला तांब्या घेऊन उभी होते. ती आईशी बोलत होती, झालं बघ आई, हात वर करा.

सिस्टर, मंडळाची मीटिंग पुढच्या शुक्रवारी आहे. नगरहून कोणी नर्स येऊ शकेल का, किंवा तुमच्या ओळखीचं कोणी? गाडीचा खर्च मंडळ करेल, वहीत शिल्लक आहे, आईचा हिशेब रुपयाला रुपया जुळला.

सिस्टर_मिरजवाली

नगरला माझ्या बॅचची मैत्रीण आहे, निवृत्त झालीये, मोकळी आहे. तिला विचारते आणि तुम्हाला मेसेज करते. मीटिंग किती वाजता आणि साधारण किती बायका असतील ते कळवा. एक वेगळी खोली लागेल, दाराला कडी असलेली, आणि पडदा.